मंडईसाठी कापलेल्या गाद्या

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं की दिवाळीबद्दल वाईट लिहिलेलं चालेल का. ते हसले. मॅडम गंमत करतायत असं त्यांना वाटलं. मी गंमत करत नव्हते. तिरोडा तालुक्यातल्या एका शाळेत मी उभं आयुष्य खेळाची शिक्षिका म्हणून काढलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मुलींना ज्युदो शिकवला. आता निवृत्त आहे, गुडघे बोलतात, आवाज मात्र अजून मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. आणि आकाशकंदील लागले की माझं डोकं आजही तापतं.

कारण सांगते. आमच्याकडे दिवाळी एकटी येत नाही. तिच्याबरोबर हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी येते आणि भाऊबीज होते न होते तोच मंडया सुरू होतात. बाहेरच्या वाचकांनी मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नये. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई म्हणजे गावाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, म्हणजे आज या गावचे पाहुणे त्या गावाला आणि उद्या त्या गावचे या गावाला. दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, दुकानं, पाळणे. रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, घरोघरी पुऱ्या आणि वडे तळले जातात. मला मंडई आवडत नाही असं नाही. लहानपणी मीही बापाच्या खांद्यावर बसून दंडार पाहिली आहे. पण शालेय स्पर्धांचं वेळापत्रक जो कोणी करतो त्याने हे काहीच पाहिलेलं नसावं. जिल्ह्याची स्पर्धा दिवाळीच्या आधी आणि विभागाची दिवाळी संपल्या संपल्या. मधले दिवस तयारीचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या पोरी गायब.

एकीच्या मामाच्या गावची मंडई, दुसरीच्या मावशीच्या गावची. तिसरी रात्रभर नाटक पाहून आलेली, उभ्या उभ्या झोपायची. आयांना समजवायला जावं तर त्या मलाच समजवायच्या. "मॅडम, सुट्ट्या कायले असतेत मंग?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ऐकायला कुणी थांबायचं नाही, कढईत तेल तापलेलं असायचं. एक गृहस्थ तर मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, "दिवाळीच्या सुट्ट्यांत ज्युदो पूर्ण शिकवून टाका, शाळा लागली का तिची ट्यूशन हाये." मी त्यांना विचारलं, तुमचं धान पेरल्यावर सुट्टीत पूर्ण पिकवून टाकता का? ते रागावून गेले. मुलगी मात्र नंतर चार वर्षं माझ्याकडे होती.

ज्युदो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे अजून लोक त्याला कराटेच म्हणतात. यात लाथा-बुक्क्या नाहीत. जाड सुती कोट घालायचा, समोरच्या मुलीचा कोट धरायचा, तिचा तोल काढायचा आणि तिला पाठीवर पाडायचं. पूर्ण पाठीवर, जोरात पाडली की लढत तिथंच संपते, मग घड्याळात कितीही वेळ उरलेला असो. सगळा खेळ क्षणाचा आहे आणि तो क्षण शरीराला ओळखू यावा म्हणून रोज सराव लागतो. आठवडाभर खंड पडला तर मुलीला तंत्र आठवतं, पण पाय उशिरा निघतो. आणि उशिरा निघालेला पाय म्हणजे समोरच्या मुलीला दिलेली भेट.

आता माझ्या रागाचं दुसरं कारण. मुलींच्या हातापायांची या जिल्ह्यात भलतीच काळजी. ज्युदोत हात मोडला तर पोरीचं लग्न कसं होईल, असं मला विचारलं नाही असा एक पालक आठवत नाही. तीच पोरगी पहाटे विळा घेऊन बांधीत, धानाच्या शेतात, उतरते, चिखलात वाकून धान कापते, ओल्या धानाचा भारा डोक्यावर घेऊन पाऱ्यावरून, म्हणजे शेताच्या अरुंद बांधावरून, तोल सावरत चालते. तेव्हा कुणाला तिच्या हातापायांची आठवण होत नाही. विळ्याने बोट कापलं तर हळद लावतात. माझ्याकडे नख तुटलं तर मुख्याध्यापकांपर्यंत तक्रार जायची.

ममता ही असलीच पोरगी. बारावीत होती. पहाटे वडिलांबरोबर कापणी करायची, दुपारी सायकल मारत शाळेत यायची आणि हॉलमध्ये पाय ठेवला की तिचा थकवा कुठे जायचा देव जाणे. उजव्या खांद्यावरून फेकायची ती. पकड अशी की कोटाची शिवण उसवायची. त्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली. विभागात पहिली आली असती तर राज्यस्पर्धा, आणि राज्याचं प्रमाणपत्र हातात आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता आला असता. तिला पोलीस व्हायचं होतं. सोबतच्या मैत्रिणी डॉक्टर होणार, कलेक्टर होणार असं म्हणायच्या. ही फक्त पोलीस म्हणायची आणि त्यासाठी खरंच पळायची. वयाच्या नियमाने शालेय स्पर्धेचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वेळी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

तिला इथवर आणण्यात आणखी एकाचा हात होता. टेकचंदभाऊ, तिच्या वडिलांचे मोठे भाऊ. ममता त्यांना मोठेबाबा म्हणायची. मोठा मिशाळ माणूस, गावच्या मंडई कमिटीचा अध्यक्ष, आवाज माझ्यासारखाच. ममताचे वडील तिला ज्युदोला पाठवायला तयार नव्हते तेव्हा हेच म्हणाले होते, "काऊन नाई पाठवत? पोरगी वाघीण हाये आपली." सायकलही त्यांनीच घेऊन दिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी एखाद्या दुष्ट माणसाबद्दल लिहिते आहे. दुष्ट असते तर मला इतका त्रास झाला नसता.

भाऊबीजेला मी गोंदियाला भावाकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सरावाला परतले तर हॉलच्या पायरीवर ममता आणि तिची सरावातली जोडीदार पल्लवी बसलेल्या. आत गेले तर फरशी उघडी. आमच्या मॅट नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या. शिपायाने सांगितलं, "सरांनी देल्ल्या. मंडईसाठी."

मी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. ते सासुरवाडीला होते, मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. "अहो मॅडम, टेकचंदभाऊंनी मागितल्या, नाही कसं म्हणायचं? आणि सुट्टीत त्या पडूनच असतात ना." पडून! तीन वर्षं अर्ज करून करून, जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालून त्या मॅट मिळवलेल्या. माझ्या पोरी घरून ओली फडकी आणून त्या पुसायच्या. आणि यांच्या लेखी त्या पडून होत्या. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी फोन ठेवला.

ममताकडे वळून विचारलं, तुझ्याच गावची मंडई ना? ती मान खाली घालून हो म्हणाली. मी गल्लीतला छोटा हत्ती टेम्पो ठरवला, दोन्ही पोरींना मागे बसवलं आणि निघाले.

गावात नाटक रात्री होऊन गेलं होतं. मंडप अर्धा उतरवलेला, पाळणेवाले लोखंड भरत होते, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्यांचा सगळीकडे कचरा. स्टेजवर आमच्या मॅट अंथरलेल्या होत्या. वर नटांच्या बुटांचे ठसे, कुठे कुंकवाचा रंग, आणि एका कोपऱ्यात खर्ऱ्याची लालभडक पिचकारी. तेवढ्यावर भागलं असतं तर मी भांडून, धुऊन विषय संपवला असता. ड्रायव्हर मॅट उचलायला वर चढला आणि थबकला. "मॅडम, ये तो किसी ने काट दिया."

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. मॅटच्या कडा करवतीने कापलेल्या. वरचं रेक्झिन फाटून आतला दाबलेला फोम बाहेर आलेला, त्याचा भुगा वाऱ्याने उडत होता. निम्म्याहून जास्त मॅट अशाच होत्या, आणि कापही सरळ नव्हता, अंदाजाने घेतलेला.

तेवढ्यात टेकचंदभाऊ आले. रात्रभर जागलेले, पण चेहरा खुललेला. "या या मॅडम! नाटक लय जोरदार झालं. फळ्यायचा धडधड आवाज माइकमधी येऊन राहिला होता, म्हणून गाद्या टाकल्या. काय सोय झाली!"

"या कापल्या कुणी?"

"सुतारानं. खांबायच्या मधी बसत नव्हत्या ना, दोन दोन बोटं जास्त होऊन राहिल्या होत्या. एकच कापली असती तं बेकार दिसलं असतं. म्हणून समोरच्या साऱ्या सारख्या केल्या." आणि मग, मी कापलेल्या कडा चाचपतेय हे पाहून त्यांनी पोराला हाक मारली आणि सुतळीने नीट बांधलेला एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तुकडे फेकले नाई मॅडम. एक बी नाई. मी सांगतलो होतो सुताराले, मॅडमचा माल हाये."

मला हसावं का रडावं कळेना. मी त्यांना जे समजावून सांगायचा प्रयत्न केला, ते इथं वाचकांसाठीही सांगते. ज्युदोची मॅट म्हणजे गादी नव्हे. तिची लांबी म्हणजे बरोबर दोन रुंद्या. त्यामुळे विटा रचाव्यात तशा उभ्या-आडव्या लावल्या की त्या एकमेकींना दाबून बसतात आणि मध्ये कागद शिरणार नाही इतकी घट्ट जमीन तयार होते. त्या जमिनीवर मुली अनवाणी धावतात, वळतात, पडतात. माप बिघडलं की मध्ये फट पडते. फटीत अंगठा गेला आणि त्याच वेळी वरून दुसरीचं वजन आलं की अंगठा मोडतो, घोटा पिळतो, कधी गुडघा जातो. दोन बोटं म्हणजे थोडं नव्हे, पायाचा अंगठा बसायला तेवढी जागा पुरते.

भाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मंग तुकडे मधी टाकून घ्या ना मॅडम."

मॅट भरून परतताना मीही मागे पोरींजवळ बसले आणि ममताला विचारलं, तू काल स्टेजवर मॅट पाहिल्या होत्या ना, बोलली का नाहीस? तिने पल्लवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठेबाबांनी माइकवरून माझं नाव घेतलं मॅडम. आमची ममता नागपूरले खेळायले जाऊन राहिली म्हणे. सारे पावने टाळ्या वाजवून राहिले होते. तेव्हा कशी बोलू?" मी तिच्यावर ओरडले. उगाच ओरडले असं आजही मला वाटत नाही.

दुसऱ्या मॅट मिळेनात. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलाला दिवाळीचं कुलूप, ओळखीच्या एका शाळेचे सर मंडईत, दुसऱ्यांचा फोनच लागेना. तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, सराव करून पाहिला. पडायला बरं, पण त्यावर पाय फिरवता येत नाही आणि ज्युदो सगळा पायाच्या फिरण्यात आहे. शेवटी त्याच मॅट लावल्या. फटींमध्ये तुकडे कोंबले, वरून चिकटपट्टी मारली. दोन फेका झाल्या की तुकडे उड्या मारून बाहेर. मग पोरींनीच एक युक्ती काढली. बाजूला उभ्या मुली लक्ष ठेवायच्या आणि कुणाचा पाय फटीजवळ गेला की ओरडायच्या, "फट!" त्यामुळे कुणी जायबंदी झालं नाही, एका लहान मुलीचा अंगठा सुजला तेवढंच. विभागीय स्पर्धेपर्यंत आमचा सगळा सराव असा चालला. ममता पकड घ्यायची, वळायची, फेकायची आणि प्रत्येक वेळी पाय टाकण्याआधी तिची नजर क्षणभर खाली जायची. मला ते दिसत होतं. दिसूनही दुसरा इलाज नव्हता आणि याची चीड अजून गेलेली नाही.

नागपूरला ममताने पहिली लढत सुरू होताच संपवली. दुसरीतही तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागला नाही. शेवटच्या लढतीला समोर शहरातली एक उंच मुलगी होती, चांगली तयारीची, पण ममतापेक्षा सरस नव्हती. मी आजही छातीवर हात ठेवून हे सांगेन. दोघींची झटापट बराच वेळ चालली. मग ममताला तिची आवडती पकड मिळाली. उजवा हात कॉलरवर, डावा बाहीवर. समोरची मुलगी पुढे झुकलेली. आता ही वळणार आणि लढत संपणार हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी खुर्चीतून उठले. ममताने पाय टाकायला उचलला आणि दोन मॅटच्या जोडाकडे खाली पाहिलं.

तिथं फट नव्हती. नव्याकोऱ्या मॅट होत्या. पण तेवढा क्षण समोरच्या मुलीला पुरला. तिने ममताचा अधांतरी पाय झाडला आणि ममता पूर्ण पाठीवर आदळली. पंचांचा हात सरळ वर गेला. बाजूला बसलेले एक प्रशिक्षक मला म्हणाले, "ग्रामीण भागातल्या मुली आहेत, अनुभव कमी पडतो." त्यांच्याशीही माझं भांडण झालं.

परतीच्या गाडीत ममता भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "माझी नजर खाली गेली मॅडम. फट नाई हे मले मालूम होतं. तरी गेली." थोड्या वेळाने पुन्हा, "मोठेबाबांले नका सांगू. त्यायले लय लागंल." मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

तिरोड्याच्या स्टेशनवर टेकचंदभाऊ हजर. हातात झेंडूचा हार, सोबत कमिटीचे दोघं-तिघं. निकाल फोनवर कळलेला होता, तरी हार आणलेला. "अरे, दुसरी तं आली! खेळ म्हटला तं हारजीत राहतेच माय. पोरीचा नंबर हुकला, नशीब आपलं."

नशीब हा शब्द ऐकला आणि माझा संयम सुटला. प्लॅटफॉर्मवर, चारचौघांसमोर मी त्यांना सगळं सांगितलं. ती का हरली, कुठे पाहत होती, तसं पाहायची सवय तिला कुठे लागली आणि कुणाच्या करवतीमुळे लागली. ते हार हातात धरून ऐकत राहिले. चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी ममताकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "खरं का व माय?"

ममताने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "नाई मोठेबाबा. समोरची पोरगी भारी होती."

त्या माणसाच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. "पाहा बरं मॅडम, तुमी बी ना! जिवाले लावून घेता." त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला, बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला म्हणाले, "चला, जीपनं सोडून देतो घरी." मी त्या जीपमध्ये बसले नाही. ममताने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. मी तोंड फिरवलं. पोरगी इतकं सगळं पचवते आणि आम्ही तिला गुणाची म्हणतो, याचा मला त्या वेळी हरण्यापेक्षा जास्त संताप आला होता.

पुढे ममताने पोलीस भरती दिली. धावण्यात सगळ्यांच्या पुढे होती. लेखी परीक्षेतही बरे गुण पडले. सर्वसाधारण जागेत थोडक्यात राहिली. खेळाडूंच्या राखीव जागेत तिच्याहून कमी गुणांच्या मुली लागल्या आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं, त्यांच्याकडे राज्याचं प्रमाणपत्र होतं. आणखी दोनदा प्रयत्न केला, मग वय गेलं आणि लग्न झालं. आता ती गोंदियात कापडाच्या एका दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवते. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला आली होती. मी त्या स्टेशनचा विषय काढला तर म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, झालं ते झालं." मला नाही जाऊ देता येत.

कारण टेकचंदभाऊ अजून मंडई कमिटीचे अध्यक्ष आहेत आणि दरवर्षी माइकवरून गावातल्या पोरापोरींचं कौतुक करतात. त्यात ममताचं नाव असतंच. आमची ममता पोलीस झाली असती, पण पोरीचं नशीब कमी पडलं, असं म्हणतात आणि पाहुणे हळहळतात. माझ्या जागी आलेल्या मॅडमकडेही त्यांनी मागच्या वर्षी गाद्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत म्हणून गावात त्यांना खडूस म्हणतात.

हा अंक तिरोड्यात येतो आणि भाऊ तो दरवर्षी विकत घेऊन पहिल्या पानापासून वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच इतकं लिहिलं. भाऊ, यंदा माइक हातात घेण्याआधी एवढं ऐकून ठेवा. त्या दिवशी स्टेशनवर तुमची पोरगी तुमच्यासाठी खोटं बोलली.